डब्याने कंबर कसली का?

आमच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर राहणारा सात वर्षांचा चष्मेवाला मुलगा एका सकाळी, शाळेची बस कोपऱ्यावर येण्याच्या बेतात असताना, एका पायात मोजा चढवत स्वयंपाकघराच्या दिशेने ओरडला, "आई, डब्याने कंबर कसली का?" समोरच्या दारात दुधाच्या पिशव्या उचलायला वाकलेली मी तशीच थांबले. आतून त्याच्या आईचा वैतागलेला आवाज आला, "काय कसलं?" मुलगा शांतपणे म्हणाला, "डबा तयार झाला का, असं विचारतोय. कंबर कसणे म्हणजे तयार होणे. आज तोंडी परीक्षा आहे."

हसू दाबत मी घरात आले खरी. पण दुधाला उकळी येईपर्यंत ते हसू ओसरले होते. त्या मुलाची मराठीची सरावपुस्तिका मला चांगली ठाऊक होती, कारण तिची मुद्रिते मीच तपासली होती. गेली तीसएक वर्षे मुद्रितशोधन हाच माझा पोटापाण्याचा उद्योग आहे. त्या पानावर 'जोड्या लावा' या मथळ्याखाली दहा वाक्प्रचार आणि दहा अर्थ होते. एकही ऱ्हस्व-दीर्घाची चूक नव्हती, एकही अनुस्वार गळला नव्हता, आणि 'कंबर कसणे – तयार होणे' या ओळीवरून माझी नजर बिनदिक्कत पुढे गेली होती. मुलाला जे दिले गेले, ते त्याने इमानेइतबारे वापरले होते. भाजी तयार होते, पोळी तयार होते; मग डब्याने कंबर का कसू नये?

वाक्प्रचाराचा अर्थ एका शब्दात उरकण्याची सवय आपल्याला परीक्षेने लावली आहे. 'अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा' हा प्रश्न माझ्या पिढीनेही सोडवला आणि ठरावीक साच्यातली वाक्ये लिहून गुण मिळवले. मात्र ते शब्द आम्ही प्रश्नपत्रिकेच्या आधी घरात ऐकलेले असत. लग्नघरात पदर खोचून, तो कमरेभोवती घट्ट आवळून शंभर पानांच्या पंगतीला सामोरी जाणारी आत्या आम्ही पाहिलेली असे आणि ओसरीवरचे कुणीतरी म्हणत असे, "आता वहिनींनी कंबर कसली आहे, काळजी नाही." आमच्या इमारतीतल्या मुलांना ती आत्या भेटलेली नाही. बहुतेक मुले इंग्रजी माध्यमात जातात. घरी मराठी बोलतात, पण ती बॅग भर, शूज घाल, टॅब खाली ठेव एवढ्या कामापुरती. तिसऱ्या मजल्यावरचे कुटुंब गुजराती आहे आणि त्यांच्या नऊ वर्षांच्या मुलीचे मराठी व्याकरण, सांगायला संकोच वाटतो, पण माझ्या नातीपेक्षा पक्के आहे.

त्या आठवड्यात मी ठरवले, की शनिवारी संध्याकाळी पाच वाजता गच्चीवर मुलांना बोलवायचे आणि वाक्प्रचार खेळायचे. प्रायश्चित्त म्हणा हवे तर. माझ्या कपाटात दाते आणि कर्वे यांच्या 'महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोशा'चे खंड आहेत. वाक्संप्रदाय हा जुना शब्द मला वाक्प्रचारापेक्षा अधिक आवडतो, कारण त्यात एकाने दुसऱ्याच्या हाती सोपवण्याचा भाव आहे. चार ते दहा वर्षांची सहा मुले जमली. चष्मेवाला होता, त्याचा चार वर्षांचा धाकटा भाऊ होता, गुजराती मुलगी होती, माझी नात होती आणि तळमजल्यावरची दोन जुळी होती, ज्यांना मी अजूनही एकमेकांच्या नावाने हाक मारते.

पहिला प्रयत्न साफ फसला आणि तो कसा फसला हे सांगणे जरुरीचे आहे. मी पुठ्ठ्याचे पत्ते केले. अर्ध्यांवर वाक्प्रचार, अर्ध्यांवर अर्थ. पालथे मांडायचे, दोन उलटायचे, जोडी जमली तर आपली. मुले रंगून गेली, दुसऱ्या शनिवारी त्यांना सगळ्या जोड्या पाठ झाल्या आणि तिसऱ्या शनिवारी माझी नात धापा टाकत येऊन म्हणाली, "आजी, आज शाळेची बस मला पाठ दाखवून गेली." पाठ दाखवणे – पळून जाणे. मी सरावपुस्तिकेचेच पान कातरून पत्ते केले होते, एवढाच त्याचा अर्थ.

मग दमशेराज खेळून पाहिले. त्यात एक गोष्ट ध्यानात आली. डोळे वटारणे, नाक मुरडणे, पाठ थोपटणे, तोंडात बोट घालणे यांना शिकवणीच लागत नव्हती, कारण तिथे शरीराची हालचाल आणि अर्थ एकाच जागी राहतात. नाक मुरडले की मुरडणाऱ्याच्या मनातले दिसतेच. पोटात कावळे ओरडणे हेही सोपे गेले, जरी चार वर्षांच्या धाकट्याने भावाच्या पोटाला बराच वेळ कान लावून "नाही ओरडत" असा निर्वाळा दिला. त्या वयाला ते शोभतेच. लहान मुले शब्द आधी शब्दशः घेतात, मग हळूहळू प्रसंगाच्या आधाराने त्यामागचे ओळखू लागतात, आणि ज्या वाक्प्रचारात चित्र आणि अर्थ यांच्यामधले अंतर कमी असते ते लवकर उमगतात, हे भाषेचे अभ्यासक सांगतातच. अडले ते 'वाटाण्याच्या अक्षता लावणे' या ठिकाणी. जुळ्यांपैकी एकीने काल्पनिक वाटाणे काल्पनिक कपाळाला लावून दाखवले, सगळ्यांनी शब्द ओळखले, टाळ्या पडल्या, आणि अर्थ कुणालाच ठाऊक नव्हता. शब्द ओळखण्याचा खेळ झाला होता. वाक्प्रचार तसाच अस्पर्श राहिला होता.

तेव्हा मी क्रम उलटा केला. आधी वस्तू हातात द्यायची, मग तिच्याशी काहीतरी करायला सांगायचे, मग मुलांना जे वाटले ते त्यांनी बोलायचे, आणि वाक्प्रचार अगदी शेवटी, तोही उत्तर म्हणून नव्हे तर "याला आपल्याकडे असं म्हणतात" एवढ्या सहज सुरात सांगायचा.

पुढच्या शनिवारी एका वाटीत तांदूळ, एका वाटीत वाण्याकडचे वाळलेले पांढरे वाटाणे आणि ओले कुंकू असा सरंजाम घेऊन गेले. शुभकार्याच्या आमंत्रणाला अक्षता देतात, कुंकवावर तांदूळ टेकवतात, हे मुलांनी गणपतीत आणि लग्नात पाहिलेले होते. तांदळाचे दाणे कपाळाला चिकटले. मग वाटाणे. सहा मुले माना मागे टाकून गच्चीवर बसली होती आणि वाटाणे टपटप खाली पडत होते. एकाने नाकाच्या शेंड्यावरून घरंगळत जाणाऱ्या वाटाण्याला जिभेने पकडण्याचा प्रयत्न केला. मी विचारले, "समजा, कुणी तुमच्या घरी येऊन तांदळाऐवजी वाटाणेच लावले, तर तुम्ही काय समजाल?" बराच गोंधळ झाल्यावर गुजराती मुलगी विचार करून म्हणाली, "त्याला आपल्याला बोलवायचंच नाही. फक्त लावल्यासारखं करायचंय." कोशात मी या वाक्प्रचाराचे अर्थ अनेकदा वाचले आहेत, नकार देणे, वाटेला लावणे, वगैरे. 'लावल्यासारखं करायचंय' यातला वरवरचा मानपान आणि आतला नन्ना त्यांपैकी कोणत्याही शब्दात मला सापडला नव्हता. पुढच्याच आठवड्यात सोसायटीच्या बैठकीत मुलांच्या सायकली ठेवण्याच्या जागेचा विषय निघाला आणि "विचार करू, नक्की करू" असे उत्तर मिळाले, तेव्हा मागच्या रांगेतून कुणीतरी बारीक आवाजात "वाटाणे" म्हटले. सचिवांना काही कळले नाही.

कंबर कसण्याचे कर्जही फेडायचे होते. गच्चीवरच्या बारा कुंड्या पाण्याच्या टाकीच्या या बाजूकडून त्या बाजूला हलवायच्या होत्या. त्या आधी दोन-तीन फेऱ्या तशाच केल्या, मग सगळ्यांच्या कमरेला जुन्या ओढण्या आवळून बांधल्या आणि पुन्हा कामाला लावले. ओढणीने कुंडी हलकी होत नाही, पण गाठ मारताना मुलांचे चेहरे बदलले ते मी पाहिले. काम संपल्यावर चष्मेवाल्याने स्वतःहून विचारले, "पाणी प्यायला कंबर नाही ना कसत कुणी?" मी नाही म्हटले. "आणि डबा?" मी म्हटले, "डबा करणाऱ्या आईला विचार, सकाळी सहा वाजता तिने काय कसलेलं असतं ते." तो बराच वेळ गप्प होता. गुजराती मुलीने मधेच सांगितले, की त्यांच्याकडेही कमर कसतात, आणि हिंदीतही. एकाच घामाला तीन भाषांत एकच गाठ, याची तिला फार गंमत वाटली.

संक्रांत झाली आणि जांभळी नाक्याच्या बाजारातून आणलेली सुगडे रिकामी झाली. त्यांतले एक मी पालथे घातले आणि प्रत्येकाला एकेक भांडे पाणी त्यावर ओतायला दिले. पालथ्या घड्यावर पाणी हा वाक्प्रचार इतका उघडा आहे, की यात शिकवण्यासारखे काही नाही अशी माझी समजूत होती. पाणी वाहून गेले. मी विजयी मुद्रेने म्हटले, "पाहिलंत? कितीही ओता, आत थेंब नाही." तळमजल्यावरच्या जुळ्यांपैकी दुसरी उकिडवी बसून सुगडाकडे टक लावून पाहत होती. ती म्हणाली, "आजी, पण हे काळं पडलंय." पडलेच होते. कोरी माती पाणी पीत होती. सुगडाच्या पाठीवर ओला डाग पसरत चालला होता आणि हात लावला तर गार लागत होता. "म्हणजे थोडं आत गेलं," ती म्हणाली. "आमच्या मिस म्हणतात आमच्यावर काहीच परिणाम होत नाही. पण थोडं जातं आत. बाहेरून कळत नाही." मी कोणत्या तोंडाने तिला चूक म्हणणार होते? माझ्या हयातीत हा वाक्प्रचार मी शेकडो वेळा छापून येताना पाहिला, पण मातीचे सुगड पालथे घालून त्यावर पाणी ओतून पाहण्याचे मला सुचले नव्हते. बहुधा स्टीलच्या हंड्याचे चित्रच माझ्या डोक्यात होते.

हरभऱ्याचे प्रकरण सर्वांत लांबले, कारण ते उगवावे लागले. नोव्हेंबरात आम्ही मूठभर हरभरे रात्रभर भिजत घालून दोन रुंद कुंड्यांत पेरले होते. आठवड्याभरात कोंब वर आले आणि पुढे बारीक, कातरल्यासारख्या पानांची लुसलुशीत रोपे झाली. मुलांना तोवर वाक्प्रचार सांगितलेलाच नव्हता. फक्त रोज पाणी घालायचे आणि शनिवारी वितीने उंची मोजायची. हरभऱ्याच्या पानांवर आंब धरते; सकाळी पाने चुरगाळून बोटे चाटली की आंबटखारट लागतात, आणि हा शोध लागल्यावर आमची रोपे काही दिवस बोडकीच राहिली. जानेवारीत ती दीड-दोन वितींच्या आसपास येऊन थांबली. मग मी जाहीर केले, की आज या झाडावर चढायचे आहे. सगळे हसले. "हे झाड कुठे आहे?" मी म्हटले, बाहुलीला चढवा. माझ्या नातीची प्लॅस्टिकची बाहुली रोपाच्या शेंड्यावर बसवली. रोप वाकले, बाहुली तोंडावर आपटली. पुन्हा बसवली, पुन्हा आपटली. त्यानंतर मी खेळाचा दुसरा भाग सांगितला. एकाने खुर्चीवर बसायचे आणि बाकीच्यांनी त्याचे कौतुक करत सुटायचे, खरे-खोटे काहीही, आणि खुर्चीवरच्याला वाटेल तेव्हा त्याने "पडलो" म्हणायचे.

चष्मेवाला बसला. तू फार हुशार आहेस, तू फार जोरात धावतोस, तू सगळ्यात भारी कॅरम खेळतोस, असे सुरू झाले, आणि तो खुशीत मान डोलवत राहिला. मग कुणीतरी म्हणाले, "तू इतका भारी आहेस की तुझी सायकल तू मला एक महिना देशील." त्याचा चेहरा पडला आणि तो "पडलो, पडलो" म्हणत उठला. तेव्हा मी म्हटले, याला आपल्याकडे हरभऱ्याच्या झाडावर चढवणे म्हणतात. "चने के झाड पे!" गुजराती मुलगी टाळी वाजवून ओरडली, तिचे बाबा दुकानातल्या गिऱ्हाइकांबद्दल रोज म्हणतात म्हणे. पण चष्मेवाल्याचे समाधान झालेले नव्हते. त्याने विचारले, "चढवणाऱ्याला आधीपासून माहीत असतं का, की झाड मोडणार आहे?"

मी काही दिवस या प्रश्नावर विचार करत होते. चढवणाऱ्याला माहीत असतेच, म्हणून तर हा वाक्प्रचार बोचतो. आणि चढणाऱ्यालाही झाडाची उंची दिसत असते, पण तो खाली बघत नाही. 'खोटी स्तुती करणे' एवढ्या अर्थात खाली न बघणारा तो दुसरा माणूस हरवूनच जातो. ज्या मुलांनी हरभरा केवळ वाणसामानातला पाहिला आहे त्यांना तर झाड म्हटले की आंब्याचेच डोळ्यांपुढे येते, आणि आंब्याच्या झाडावर चढवणे म्हणजे चांगलीच मदत झाली.

सगळेच खेळ असे फळले नाहीत. हातावर तुरी देण्याच्या खेळात पकडणाऱ्याने मनगट धरायचे, पळणाऱ्याने त्याच्या तळव्यावर मूठभर तूरडाळ ओतायची आणि तो डाळ सांभाळतो तोवर निसटायचे; अर्थ सगळ्यांना दोन मिनिटांत समजला आणि मला पुढचा अर्धा तास जिन्याच्या चार टप्प्यांवरून डाळ झाडावी लागली. मूग गिळण्यासाठी उसळीचे मऊ शिजवलेले मूग चमचाभर तोंडात धरून "काच कुणी फोडली?" या चौकशीला सामोरे जायचे होते, त्यात धाकट्याला घेतले नाही आणि सगळ्यांना खाली बसवले, कारण तोंडात दाणे आणि वर हसू हा मेळ धोक्याचा आहे. डोक्यावर मिरे वाटण्याचा खेळ मला बसवताच आला नाही. पाटा-वरवंटा कुणाच्याच घरी नव्हता आणि मिक्सर डोक्यावर ठेवण्याची सूचना मी फेटाळली.

खो घालण्यावरून मात्र भांडण झाले. गावदेवी मैदानात काही मुले खो-खो खेळताना आम्ही पाहिले होते, त्यामुळे आठ जण आलटून-पालटून विरुद्ध दिशांना तोंड करून बसलेले आणि नववा पाठलाग करणारा, हे त्यांना ठाऊक होते. मी सांगितले, कामात खो घालणे म्हणजे कामात अडथळा आणणे. जुळ्या एकदम उसळल्या. "खो दिला की बसलेल्याला पळायला मिळतं. म्हणजे मदत झाली ना?" माझ्याकडे उत्तर नव्हते. आम्ही अपुऱ्या गड्यांत गच्चीवर खेळून पाहिले, आणि पळणारी म्हणून माझी नात कठड्याच्या कोपऱ्यात सापडली तेव्हा तिला उत्तर सापडले. ती म्हणाली, "मी या बाजूने सुटलेच होते, तेवढ्यात हिला खो मिळाला आणि माझा रस्ता बंद झाला. पळणाऱ्याला विचारा ना!" कोण कुणाला म्हणतो, कोणत्या बाजूने म्हणतो, यावर वाक्प्रचाराचा अर्थ उभा असतो, हे मी एखाद्या लेखात लिहिले असते तर त्याला दोन परिच्छेद लागले असते.

इतिहासातून आलेले वाक्प्रचार मला अवघड जातील असे वाटले होते. 'अटकेपार झेंडा लावणे' म्हणजे काय, असे विचारल्यावर चष्मेवाल्याने आत्मविश्वासाने सांगितले, "पोलिसांच्या अटकेतून पळून जायचं आणि मग झेंडा लावायचा." हे उत्तर इतके तर्कशुद्ध होते, की दुरुस्त करायला जिवावर आले. मग खडूने गच्चीवर नकाशा काढला. एका टोकाला पुणे, दुसऱ्या टोकाला सिंधू नदीकाठचे अटक, आणि मध्ये नर्मदा, यमुना, सतलज यांच्या रेघा. झेंडा घेऊन लंगडी घालत पुण्याहून अटकेपर्यंत जायचे. तिसऱ्या नदीपर्यंत सगळ्यांच्या पोटऱ्या भरून आल्या आणि १७५८ साली घोड्यांवरून तिथवर गेलेल्यांबद्दल त्यांना आपोआप आदर वाटू लागला. त्या मोहिमेचे नेतृत्व राघोबादादांकडे होते आणि पुढे १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाला त्या प्रकरणातही राघोबादादांचेच नाव येते. 'धरावे'चे 'मारावे' झाले अशी कथा सांगितली जाते आणि त्यातून 'ध चा मा करणे' मराठीत आले. एकाच माणसाच्या आयुष्यातून अभिमानाचा एक आणि कपटाचा एक असे दोन वाक्प्रचार भाषेला मिळावेत, हे मला नेहमी विलक्षण वाटत आले आहे. मुलांना मी खुनाचा तपशील फारसा सांगितला नाही. चिठ्ठीचा खेळ दिला. चिठ्ठी एकाकडून दुसऱ्याकडे जाताना प्रत्येकाने एकच अक्षर बदलायचे, पण वाक्य अर्थाचे राहिले पाहिजे. 'आजीला लाडू द्या' अशी निघालेली चिठ्ठी पहिल्याच हातात 'आजीला झाडू द्या' झाली, आणि तूरडाळीच्या स्मरणाने मला ते लागले. आयुष्यभर ज्या अपघाताला अडवण्याचे मी पैसे घेतले तो मुलांना इतका आवडेल, असे वाटले नव्हते.

काही वाक्प्रचारांचा मी खेळ केला नाही. इमारतीच्या मागच्या मोकळ्या जागेत झेल सोडणाऱ्या मुलाला कुणीतरी "बांगड्या भरल्यास का?" म्हणाले आणि गुजराती मुलीने मला त्याचा अर्थ विचारला. अर्थ सांगणे भाग होते, कारण तो तिला पुन्हा ऐकावाच लागणार आहे. भित्र्या माणसाला असे म्हणण्याची जुनी रीत आहे, एवढे सांगितले. तिने स्वतःच्या हातातल्या दोन बांगड्यांकडे पाहिले आणि "पण मी तर ओपनिंग बोलर आहे" असे म्हणून ती खाली गेली. भाषेतले सगळेच जतन करायचे नसते असे माझे स्पष्ट मत आहे, आणि ते मुद्रितशोधकाने सांगितले तर अधिक बरे, कारण खोडण्याचे काम त्याला सवयीचे असते.

असाच एक वाक्प्रचार आमच्या गावाचा आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत माझी नात नाशिकला मामाकडे गेली होती. तिथून फोनवर म्हणाली, "आजी, मी पंख्याला ओढणी बांधून झोका करत होते तर दादा म्हणाला, तुला ठाण्याला पाठवायला हवं. मी म्हटलं, रविवारी बाबा नेणारच आहेत. तर सगळे हसले. का हसले?" पंख्याच्या बाबतीत मी आधी तिची यथेच्छ कानउघाडणी केली. मग ती परत आल्यावर शनिवारी सगळ्यांनाच सांगितले, की आपल्या ठाण्यात १९०१ साली सुरू झालेले मनोरुग्णालय आहे, मनाच्या आजारावर तिथे उपचार होतात, आणि बाहेरगावची माणसे कुणी विचित्र वागले की 'याला ठाण्याला पाठवा' असे म्हणत आली आहेत. पुण्याकडे तसेच येरवड्याचे नाव घेतात. मुलांना हे अजिबात पटले नाही. ताप आल्यावर डॉक्टरकडे पाठवणे यात हसण्यासारखे काय आहे, असे जुळ्यांनी विचारले. धाकट्याची अडचण वेगळीच होती. "पण आपण तर ठाण्यातच आहोत," तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला, "मग आपल्याला कुठे पाठवणार?" याचा खेळ होणार नाही आणि हे कुणाला हिणवण्यासाठी म्हणायचे नाही, एवढे ठरवून आम्ही तो विषय मिटवला.

जूनच्या पहिल्या आठवड्यात इमारत रिकामी करायची होती. नौपाड्यात गल्लीगल्लीत पुनर्विकास सुरू आहे, त्यात आमचाही नंबर लागला. आम्ही भाड्याने घोडबंदर रोडला जाणार होतो, जुळ्या कळव्याला, आणि चष्मेवाल्याचे कुटुंब नवी इमारत उभी राहीपर्यंत नाशिकला आजोळी. शेवटच्या दिवशी टेम्पोत कपाट चढत असताना तो वर आला. हरभऱ्याच्या वाळलेल्या घाट्यांमधले आठ दाणे मी काडेपेटीत घालून त्याच्यासाठी ठेवले होते. त्याने ते मोजून घेतले, पेटी कानाशी नेऊन वाजवली आणि खिशात टाकली. शाळा नवी, मित्र नवे, तिथे करमेल ना, असे मी विचारले. त्याने चष्मा नाकावर वर सरकवला.

"नाही करमलं तर माझं ठरलंय," तो म्हणाला. "मी तिथे एकदम विचित्र वागणार. म्हणजे ते लोक मला ठाण्याला पाठवतील."

खालून त्याच्या आईची हाक आली आणि तो दोन-दोन पायऱ्या उतरत गेला. काडेपेटीतले दाणे तळमजल्यापर्यंत वाजत होते.